बंगळूरचा शिंपी आणि कचेरीचा पोशाख

मनुष्य घरात वावरतो तेव्हा त्याचा पोशाख त्याच्या सवयीचा असतो. परंतु तो कामावर निघतो तेव्हा त्या पोशाखात त्याच्या एकट्याची इच्छा उरत नाही. वरिष्ठाची अपेक्षा, सोबत्यांचा रिवाज, कामाचे स्वरूप, हवामान आणि खिशातील पैसा या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. ती म्हणताना लोक हसतात. पण नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तीच म्हण मनात वागवीत आरशासमोर उभे राहतात.

आजच्या बंगळूरमध्ये अशा वेळी सल्ला देणारी माणसे आहेत आणि तो त्यांचा व्यवसाय आहे. ही मंडळी मोबदला घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी येतात, त्याचे कपाट उघडतात, अंगास बसणारे आणि न बसणारे कपडे निराळे करतात, आणि त्याच्या कामाला शोभेल असा पोशाख नव्याने उभा करून देतात. पुष्कळांना हे श्रीमंतांचे नवे फॅड वाटते. नाव नवे आहे यात शंका नाही. तथापि ज्या गरजेतून हा व्यवसाय निघाला ती गरज या शहराला नवी नाही. बंगळूरमध्ये राज्ये बदलली, कामे बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर नोकरदार माणसाला आपला पोशाख पुन्हा जुळवावा लागला. त्या वेळी त्याला मदतीचा हात देणारा पुष्कळदा एक कसबी शिंपी होता, आणि या शिंप्यांत मराठी बोलणारेही बरेच होते.

मराठी माणसाचा बंगळूरशी संबंध पावणेचारशे वर्षांहून जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे कर्नाटकात उतरले, केंपेगौडांचे हे नगर आदिलशाहीच्या ताब्यात आले, आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त केले आहे. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्यानंतर ते ३ लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. अशा रीतीने मराठी सत्ता संपली, पण मराठी वस्ती संपली नाही. शिपाई, कारकून, व्यापारी यांच्याप्रमाणे कापडावर काम करणाऱ्या जातीही कर्नाटकात रुजल्या. कापड रंगविणारे व छापणारे भावसार, आणि संत नामदेवांना आपले मानणारे नामदेव शिंपी, हे समाज आजही कर्नाटकात आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि उपजीविकेस सुई किंवा रंगाची हंडी, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार झाला. दामाशेटी शिंप्याच्या घरी १२७० मध्ये जन्मलेल्या नामदेवांचे नाव त्यांनी केवळ भजनात ठेवले नाही. ते आपल्या समाजाच्या नावातच गुंफले.

शिंप्याचे काम म्हणजे केवळ कापड जोडणे नव्हे. तयार कपड्यांची दुकाने निघण्यापूर्वी मनुष्य कापडाचा तागा घेऊन त्याच्यासमोर उभा राही, आणि तेथूनच सल्ल्याला आरंभ होई. हे कापड कोटाला जड पडेल, हा रंग धुण्यात विटेल, पोट सुटले आहे तेव्हा बटणांची ओळ एवढी आवळून चालणार नाही, या गोष्टी शिंपी सांगे आणि गिऱ्हाईक ऐकून घेई. छाती, कंबर, खांदा, बाही यांची मापे घेता घेता तो माणसाची चाल, त्याचा वाकलेला खांदा, त्याची ऐपत हे सारे पाहून घेत असे. मग कापडावर खडूच्या रेघा पडत, कातर चाले, कच्ची शिलाई घालून कपडा एकवार अंगावर चढवून पाहिला जाई, आणि मगच पक्की शिवण बसे. या कामात एक लहानसा शब्द आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड मुडपून ठेवतात त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. पुढे अंग भरले, किंवा थोरल्याचा कोट धाकट्याला द्यावयाचा झाला, तर ही माया उसवून कपडा सैल करता येतो. बाहेरून न दिसणारी ही तरतूद चांगल्या शिंप्याची खूण समजली जाते.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. तेथील इंग्रजी फौज १८०९ मध्ये बंगळूरला हलविण्यात आली आणि जुन्या शहराच्या ईशान्येस छावणी वसली. तेव्हापासून एका नावाची दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली. एक पेठ, म्हणजे चिक्कपेटे, अरळेपेटे यांसारख्या गल्ल्यांचे, माग आणि कापसाचे जुने नगर. आणि दुसरे ‘दंडु’, म्हणजे रुंद रस्त्यांची, बराकींची व बंगल्यांची छावणी. या दोन गावांचे पोशाखही दोन होते. पेठेत धोतर, उपरणे व पागोटे. छावणीत पाटलोण, कोट व टोपी. शिंपी मात्र दोहोंकडे लागत असे, आणि ज्याला साहेबाचा कोट बेतता येई त्याचे नाव छावणीत होई.

त्या काळी साहेबाच्या पोशाखाची चिंता साहेब स्वतः फारशी करीत नसे. १८९६ मध्ये चौथ्या हुसार पलटणीबरोबर एक २१ वर्षांचा अधिकारी बंगळूरला आला. त्याचे नाव विन्स्टन चर्चिल. आपल्या आरंभीच्या आयुष्याविषयी त्याने पुढे जे पुस्तक लिहिले त्यात या छावणीतील राहणीचे वर्णन आहे. घोडी मोतद्दाराच्या हाती, पैसा बटलरच्या हाती, आणि सारे गणवेश व कपडे त्यासाठीच ठेवलेल्या नोकराच्या हाती सोपविले की मालकाला पुढे काही पाहावे लागत नसे, असा त्याचा अनुभव होता. कोणत्या प्रसंगी काय घालावयाचे हे त्या नोकराच्या ध्यानात असे. आज ज्या मदतीसाठी सल्लागाराला मोबदला दिला जातो ती मदत या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वीही मिळत होती. फरक इतकाच की ती देणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

देशी कारकुनाची स्थिती याहून निराळी होती. १८३१ पासून ५० वर्षे म्हैसूर राज्याचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. बंगळूरमध्ये सरकारी खात्यांसाठी तांबड्या रंगाची भव्य इमारत १८६८ मध्ये पूर्ण झाली. अठरा खाती तेथे आली म्हणून तिला ‘अठरा कचेरी’ हे नाव पडले. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. या कचेरीत जावयाचे कोणत्या वेषात? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु साम्राज्याने त्यावर ठराव केले होते. साहेबासमोर एतद्देशीयाने पादत्राणे काढून जावे अशी रीत होती. १८५४ च्या ठरावाने युरोपीय पद्धतीचे बूट घालणाऱ्यांना सरकारी प्रसंगी ते पायांत ठेवण्याची मुभा मिळाली, आणि १८६८ मध्ये तिची व्याप्ती वाढली. देशी जोडा घालणाऱ्याला मात्र तो बाहेर काढून ठेवावा लागे. म्हणजे माणूस तोच, पाय तेच, दारही तेच. पण जोडा मोच्याच्या कोणत्या साच्यावर बेतला आहे यावर त्याचा मान ठरत होता.

अशा परिस्थितीत कचेरीतल्या माणसाने आणि त्याच्या शिंप्याने मिळून एक तडजोड शोधली. खाली धोतर, वर बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणे आणि डोक्यावर पागोटे. पुण्यात, धारवाडात, म्हैसूरात थोड्याफार फरकाने हाच पोशाख रूढ झाला. कोट साहेबाच्या कचेरीसाठी होता, पागोटे आपल्या घराण्यासाठी. एकच बरा कोट कामापुरता अंगावर चढवावा, घरी येताच खुंटीला लावावा, आणि विटला तर उसवून उलटा शिवून घ्यावा, असा बेताच्या पगाराचा हिशेब असे. या तडजोडीत लाचारी नव्हती असे म्हणता येणार नाही. पण आपले सर्वस्व उतरवून ठेवण्यास दिलेला मूक नकारही तिच्यात होता.

या तडजोडीचे सर्वांत प्रतिष्ठित रूप पाहावयाचे तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे छायाचित्र पाहावे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये पदवी घेतल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, १८८३ मध्ये स्थापत्याची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे, पुणे अशी त्यांच्या उमेदीची वर्षे महाराष्ट्रात गेली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता व १९१२ मध्ये दिवाण झाले. काटेकोर इस्त्रीचा सूट, गळ्यात टाय आणि मस्तकावर जरीकाठी म्हैसुरी पेटा, हा त्यांचा वेष १९६२ मध्ये देहावसान होईपर्यंत लोकांच्या डोळ्यांत राहिला. नव्वदी उलटल्यावरही भेटीस आलेल्या माणसासमोर ते पूर्ण पोशाखात येत. धरणाच्या दरवाजांची आखणी जितकी नेटकी, तितकाच कोटही नेटका असला पाहिजे, अशी ती वृत्ती होती. पोशाख म्हणजे समोरच्या माणसाच्या वेळेचा आणि आपल्या कामाचा आदर, हा अर्थ त्यांनी त्याला दिला. सत्तेला खूश करण्यासाठी घातलेला कोट आणि कामाच्या आदरापोटी घातलेला कोट यांचे कापड एक असू शकते, पण अर्थ एक नसतो.

१९२७ मध्ये महात्मा गांधी प्रकृतिस्वास्थ्यासाठी नंदी पर्वतावर आणि बंगळूरमध्ये राहिले. त्याच काळात शहरात खादीचे प्रदर्शन भरले आणि त्याचे उद्‌घाटन त्यांनी केले. पोशाखाविषयीचा दुसरा, अधिक कठोर प्रश्न त्यामुळे पुढे आला. कोट कसा बेतावा हे शिंपी सांगेल. पण त्याचे सूत कोणी काढले आणि त्याला मजुरी काय मिळाली, हे कोणी सांगावयाचे? हा प्रश्न त्या प्रदर्शनाबरोबर संपला नाही. तो पुढे याच शहरात पुन्हा उभा राहावयाचा होता.

येथवर जो इतिहास आला तो बहुतेक पुरुषांचा आहे. स्त्री कामावर निघाली तेव्हा तिच्यापुढे तयार वाटच नव्हती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेली कमला भागवत ही तरुणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी आली. संस्थेचे संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रथम स्त्री म्हणून तिला प्रवेश नाकारला. तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ नये, ही त्यांपैकी एक होती. रामन स्वतः कोटावर फेटा बांधीत आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. स्त्रीने मात्र कोणत्याही वेषात यावे, तिचे येणेच आधी आक्षेपार्ह ठरे. आपल्या कामानेच तिने त्या अटींना उत्तर दिले. पुढे तिने केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, आणि कमला सोहोनी हे नाव भारतीय जीवरसायनशास्त्रात मानाचे झाले. पुरुषाच्या कचेरीतल्या कोटामागे तीन पिढ्यांचा शिंपी उभा होता. नोकरदार स्त्रीला मात्र नऊवारीचे सहावारी कधी करावे, पदर कोठे खोचावा, गर्दीच्या गाडीत आणि प्रयोगशाळेतल्या ज्योतीपाशी कोणते वस्त्र निभेल, हे स्वतःच्या अनुभवाने एकेक शिकावे लागले. तिची सल्लागार झाली असेल तर तिच्याआधी नोकरीस लागलेली एखादी मैत्रीण.

१९४७ आले. छावणीतील गोरी पलटण गेली आणि तिच्याबरोबर मडमा, त्यांचे नाच, त्यांच्या मेजवान्या हेही गेले. १९४९ मध्ये पेठ व छावणी मिळून एक महानगरपालिका झाली. राजकीय दृष्टीने हे मीलन आनंदाचे होते. पण ज्याचे सारे गिऱ्हाईक जहाजाने निघून गेले त्या शिंप्याचे काय? याचे एक उदाहरण बंगळूरच्या व्यापारी इतिहासात प्रसिद्ध आहे. १९२३ मध्ये पिशे नारायणराव यांनी छावणीत शिवणाचे दुकान काढले. आरंभी ते इंग्रज स्त्रियांचे कपडे शिवीत. स्वातंत्र्यानंतर हे गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सुटांकडे मोर्चा वळविला, आणि ‘पी. एन. राव’ हे नाव त्या कामासाठी ओळखले जाऊ लागले. दुसऱ्याचा पोशाख नव्याने बसवून देणाऱ्याला येथे आपला धंदाच उसवून पुन्हा बेतावा लागला. मडमेच्या झग्याचा बेत आणि अधिकाऱ्याच्या कोटाचा बेत यांत मोठे अंतर आहे. परंतु माप घेणारी नजर तीच होती आणि तिनेच त्यांना तारले.

नव्या भारताने बंगळूरला नवी कामे दिली. टेलिफोनचा कारखाना १९४८ मध्ये, यंत्रावजारांचा १९५३ मध्ये, इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा १९५४ मध्ये उभा राहिला. कारखान्यातल्या गणवेशाने निवड काढून घेतली, पण एक समताही दिली. ब्राह्मणाचा आणि दलिताचा मुलगा एकाच रंगाच्या सदऱ्यात एकाच यंत्रापाशी उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे संगणकाचे युग आले. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली; अशा कंपन्यांतून परदेशी ग्राहकाला विश्वास वाटावा म्हणून टाय आणि औपचारिक सदरा यांचा आग्रह धरला जाई. लातूर, बेळगाव, कलबुर्गी, दावणगेरे येथून आलेल्या कित्येक तरुणांनी पहिला टाय या शहरात बांधला. आणि मग एका पिढीने जे शिकून घेतले ते पुढच्या पिढीला विसरावे लागले. कारण जून २०१५ मध्ये त्याच कंपनीने रोजच्या औपचारिक पोशाखाची सक्ती सैल केली. २०२० च्या महामारीत कचेरी घरात आली. काही काळाने माणसे पुन्हा बाहेर पडली तेव्हा अनेकांना आढळले की जुने कपडे अंगाला होत नाहीत आणि जुने नियम कामाला होत नाहीत.

आजचा वेशसल्लागार या वळणावर भेटतो. त्यातील जाणता मनुष्य प्रथम विकत घ्यावयाची यादी करीत नाही. तो विचारतो की आठवड्यात बैठका किती, प्रवास किती, उन्हात किती जावे लागते. मग कपाटातील कपड्यांचे तीन ढीग पडतात. ठेवावयाचे, दुरुस्त करावयाचे आणि देऊन टाकावयाचे. दुसरा ढीग शिंप्याकडे जातो. एकमेकांशी जुळतील असे थोडे रंग निवडले की चार सदऱ्यांत आठवडा निघतो. खरेदी शेवटी. हा क्रम पाहिला की पेठेतल्या जुन्या शिंप्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रसूतीनंतर कामावर परतणारी स्त्री, आजारातून उठलेला मनुष्य, खेड्यातून प्रथमच मुलाखतीस आलेला मुलगा, यांना ही मदत चैन नसते. चारचौघांत ताठ मानेने उभे राहण्याचा तो आधार असतो. याउलट जो सल्लागार गिऱ्हाइकाची बोली, वर्ण आणि गाव लपविण्यास शिकवितो, तो त्या १८५४ च्या ठरावाचाच वारस होय.

आणि गांधीजींच्या वेळचा प्रश्न? तो एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या रस्त्यावर उतरला. या शहरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. देशोदेशींच्या नोकरदारांचे सदरे त्यांच्या हातांखालून जातात. भविष्यनिर्वाह निधी मुदतीपूर्वी काढण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले तेव्हा या स्त्रिया हजारोंच्या संख्येने बाहेर पडल्या आणि सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. जगाच्या कचेरीचा पोशाख शिवणाऱ्या हातांना स्वतःच्या पुंजीसाठी रस्ता अडवावा लागावा, ही गोष्ट पोशाखाच्या इतिहासाला वगळता येण्याजोगी नाही. जुन्या शिंप्याला गिऱ्हाईक ओळखीचे होते. या शिवणकर्तीला ते कधी दिसत नाही, आणि त्यालाही ती दिसत नाही.

पोशाख बदलत आले आहेत आणि बदलत राहतील. राज्यकर्ता बदलला, यंत्र बदलले, की माणसाला आपले कपाट उघडून पुन्हा विचार करावा लागणारच. त्या वेळी दुसऱ्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. विश्वेश्वरय्यांचा कोटही कोणा शिंप्यानेच बेतला होता. पाहावयाचे ते एवढेच की ते साहाय्य माणसाला त्याच्या कामासाठी उभे करते की कोणाच्या तरी मर्जीसाठी वाकविते. चांगला शिंपी माप आजचे घेतो, पण शिवणीत थोडी माया सोडतो. कारण अंगात कपडा घालणारा मनुष्य वाढणार आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते.